जुन्या बुद्धिबळ प्रोग्रामांशी पुन्हा डाव : ते आजच्या संगणकावर कसे चालवायचे आणि त्यांच्याकडून काय शिकायचं

मोबाइलवर फुकट मिळणारं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन आज कुठल्याही जगज्जेत्याला हरवेल. घरी सराव करणाऱ्या खेळाडूला मात्र ते खेळायला चांगलं वाटत नाही. पूर्ण ताकदीवर ठेवलं तर आपण विसाव्या खेळीपर्यंत संपलेले असतो. ताकद कमी केली तर ते आतल्या आत उत्तम खेळी शोधतं आणि मधूनमधून मुद्दाम एखादी कमी प्रतीची निवडतं. त्यामुळे आठ-दहा खेळ्या भक्कम होतात, आणि मग हत्ती विनाकारण मारात येऊन बसतो. असा डाव जिंकल्यावर आपण नेमकं काय बरोबर केलं ते कळत नाही.

१९७८ ते २००५ या काळातल्या प्रोग्रामांचं तसं नाही. ते प्रत्येक खेळी आपल्या परीने सर्वोत्तमच करतात, फक्त त्यांची नजर ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचते. त्या अंतराच्या आत ते चूक करत नाहीत आणि त्यापलीकडचं त्यांना दिसत नाही. त्यांच्याविरुद्ध जिंकायला दूरचा बेत आखावा लागतो, आणि नवशिका ते मध्यम पातळीच्या खेळाडूला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. म्हणून हे प्रोग्राम पुन्हा बाहेर काढावेत असं मला मनापासून वाटतं. ते आठवणींसाठी जपायच्या वस्तू नाहीत, शिकायची साधनं आहेत.

आधी ठरवा : जोडीदार हवा की शिक्षक?

जुन्या प्रोग्रामांचे ढोबळ तीन गट पडतात आणि प्रत्येकाला चालवायची रीत वेगळी आहे.

पहिला गट नुसत्या इंजिनांचा, म्हणजे खेळी शोधणाऱ्या भागाचा. यांना स्वतःचा पट नसतो, दुसऱ्या प्रोग्रामच्या पटावर ती बसवावी लागतात. सार्गॉन, क्राफ्टी, फॅलँक्स, फ्रूट, प्रो डिओ ही या गटातली नावं. सराव करायला हा गट सर्वांत सोपा, आणि यातलं बरंचसं कायदेशीररीत्या फुकट मिळतं.

दुसऱ्या गटात डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीवर, चालणारे पूर्ण प्रोग्राम येतात : चेसमास्टरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या, रिचर्ड लँग यांचा चेस जीनियस, एड श्रोडर यांचा रेबेल. तिसरा गट विंडोजच्या सीडींचा : फ्रिट्झ आणि नंतरचे चेसमास्टर. धडे, व्याख्यानं, सराव-प्रश्न हे सगळं या तिसऱ्या गटात आहे.

घरात जुनी सीडी नसेल तर पहिल्या गटापासूनच सुरुवात करा. पुढे तिसऱ्या गटाकडे जायचं की नाही ते महिनाभर खेळल्यावर ठरवता येईल.

मिळवायचं कुठून

स्वतःची जुनी सीडी किंवा फ्लॉपी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मूळ लेखकाने स्वतः मोफत केलेले किंवा मुक्तस्रोत प्रोग्राम घ्या. ‘अबँडनवेअर’ या नावाखाली जुने प्रोग्राम वाटणाऱ्या बऱ्याच साइट्स आहेत, पण कंपनीने विकणं थांबवलं म्हणून हक्क संपत नाहीत. कायद्यात अशी वेगळी सवलत नाही. शिवाय अशा ठिकाणच्या फायलींबरोबर नको ते सॉफ्टवेअरही येऊ शकतं. फाइल कुठूनही आणली तरी उघडण्याआधी व्हायरसटोटल या व्हायरस तपासणाऱ्या साइटवर तपासून घ्या.

फक्त चव घ्यायची असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या डॉस-संग्रहातले प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालतात, काही उतरवून घ्यावं लागत नाही. मात्र टॅब बंद केला की डाव सहसा जातो. म्हणून नियमित सरावासाठी ती वाट नको.

पहिली पायरी : अरीना आणि सार्गॉन

सार्गॉनची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या डॅन आणि कॅथ स्प्रॅकलन या दांपत्याने झेड-८० या छोट्या प्रोसेसरसाठी तो असेंब्ली भाषेत लिहिला. मार्च १९७८मध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये घरगुती संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धेत तो पहिला आला. त्याचा संपूर्ण कोड त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला गेला. त्या छापील कोडच्या आधारे बिल फॉर्स्टर यांनी अलीकडे ‘रेट्रो सार्गॉन’ हे आजच्या विंडोजवर चालणारं इंजिन तयार केलं. विचार करणारा भाग तोच, १९७८चा. गिटहब या प्रोग्रामांचे कोड ठेवायच्या साइटवर ‘रेट्रो सार्गॉन’ शोधलंत की ते मोफत मिळतं.

आता त्याला पट हवा. अरीना हा विंडोजसाठीचा मोफत प्रोग्राम त्यासाठी योग्य आहे.

१. अरीना बसवा. सार्गॉनची उतरवलेली फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये मोकळी करून ठेवा. फोल्डरचं नाव इंग्रजीत आणि मधे मोकळी जागा न सोडता दिलेलं बरं, जुन्या प्रोग्रामांना मराठी नावं किंवा लांबलचक मार्ग झेपत नाहीत.

२. अरीनाच्या ‘इंजिन्स’ मेन्यूत ‘इन्स्टॉल न्यू इंजिन’ निवडा आणि सार्गॉनची फाइल दाखवा.

३. इंजिनाचा प्रकार विचारला तर सार्गॉनसाठी ‘यूसीआय’ सांगा. इंजिन आणि पट यांच्यात बोलण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. विनबोर्ड ही जुनी. यूसीआय ही नोव्हेंबर २०००मध्ये आलेली, श्रेडरचे लेखक स्टेफान मायर-कालेन आणि रूडॉल्फ हूबर यांची. क्राफ्टी आणि फॅलँक्स विनबोर्डवाले, फ्रूट यूसीआयवालं. इंजिन बसलं पण हलत नाही अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा इथेच चुकीचा प्रकार निवडलेला असतो.

४. इंजिनाच्या सेटिंग्जमध्ये ‘फिक्स्ड डेप्थ’ असा पर्याय दिसेल. तिथे ३ लिहा. कारण पुढे येतंच आहे.

५. इंजिन काय विचार करतंय ते दाखवणारी खिडकी बंद करा. मूल्यांकनाचा आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस पट बघायचं सोडून आकडा बघत बसतो. ही पायरी टाळू नका.

लिनक्स वापरत असाल तर काम आणखी सोपं. एक्सबोर्ड (हा पट), फॅलँक्स आणि फ्रूट ही पॅकेजं डेबियन आणि उबुंटूच्या भांडारातच आहेत. फॅलँक्सला कच्चं खेळायला सांगण्याची सोयही आहे, त्यामुळे अगदी नवशिक्या मुलांसाठी तो चांगला. ग्नू चेसबद्दल मात्र लक्षात ठेवा : त्या प्रकल्पाची सुरुवात १९८४ची असली, तरी आजची सहावी आवृत्ती फ्रूटच्या कोडवर उभी आहे आणि बरीच ताकदवान आहे. जुन्या वळणाचा ग्नू चेस हवा असेल तर चौथी किंवा पाचवी आवृत्ती शोधावी लागेल.

दुसरी पायरी : डॉसचे प्रोग्राम आणि वेगाची किल्ली

६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम जुन्या संगणकाची नक्कल करतो. डॉसबॉक्स बसवा, जुना प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडा आणि त्यातली चालू करायची फाइल उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडा. तो फोल्डर आपोआप सी ड्राइव्ह म्हणून जोडला जातो आणि प्रोग्राम सुरू होतो. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबल्यावर पूर्ण पडदा मिळतो. माउस आत अडकला तर कंट्रोल आणि एफ१०.

प्रोग्राम सुरू होताना मॅन्युअलमधला एखादा शब्द किंवा खेळी विचारतो का ते बघा. त्या काळी नक्कल रोखायची ती पद्धत होती. म्हणून जुनी पुस्तिका सापडली तर रद्दीत देऊ नका.

आता वेगाचा मुद्दा. बहुतेक जुने प्रोग्राम ‘खेळीला इतके सेकंद’ या हिशोबाने खेळतात. त्या सेकंदांत किती खोल बघून होईल हे संगणकाच्या वेगावर ठरतं. म्हणजे तोच प्रोग्राम, तीच पातळी, पण वेगवान यंत्रावर प्रतिस्पर्धी कितीतरी कठीण. डॉसबॉक्समध्ये हा वेग आपल्या हातात असतो : कंट्रोल आणि एफ१२ने ‘सायकल्स’ वाढतात, कंट्रोल आणि एफ११ने कमी होतात. ढोबळमानाने ३००० सायकल्स म्हणजे २८६ वर्गातलं यंत्र, ८०००च्या आसपास वेगवान ३८६ आणि २५ हजारांच्या पुढे ४८६ (हे सगळे त्या काळचे प्रोसेसर). आकडे काटेकोर नाहीत, पण सरावाला पुरतात. संगणकाने ठरवलेला ‘ऑटो’ वेग न ठेवता डॉसबॉक्सच्या सेटिंग्ज-फाइलमध्ये ठरावीक आकडा घाला, म्हणजे आज आणि उद्याचा प्रतिस्पर्धी एकच राहील.

या काळातल्या प्रोग्रामांना कमी लेखू नका. ऑगस्ट १९९४मध्ये लंडनच्या इंटेल ग्राँ प्रीत चेस जीनियसने पेंटियमवर चालून कास्पारोवला जलद डावांच्या लढतीत स्पर्धेबाहेर काढलं होतं. त्याच स्पर्धेत पुढे त्याला थांबवलं ते आपल्या विश्वनाथन आनंदने. १९९८मध्ये आनंदची आठ डावांची लढत रेबेल १०शी झाली आणि रेबेलने ती ५–३ अशी जिंकली. त्यातही मोठ्या वेळाचे दोन डाव आनंदच्याच बाजूने, १½–½ असे गेले. विचाराला वेळ मिळाला की त्या काळात माणसाचं पारडं अजून जड होतं. रेबेलच्याच वंशातलं प्रो डिओ इंजिन एड श्रोडर यांनी मोफत दिलेलं आहे आणि ते अरीनात बसतं, त्यामुळे डॉसबॉक्सच्या भानगडीत न पडताही त्या खेळाची ओळख होते.

तिसरी पायरी : विंडोजच्या सीडी

इथे सर्वांत जास्त डोकेदुखी आहे.

सगळ्यात आधी सीडीची प्रत काढा. वीस-पंचवीस वर्षांत सीडी खराब होऊ लागतात. इमेजबर्नसारख्या मोफत प्रोग्रामने आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच फाइल, करून दोन ठिकाणी ठेवा.

मग सीडी चालवून बघा. चालली नाही तर कारण बहुधा या तीनपैकी एक असतं. एक, प्रोग्राम १६-बिट आहे, म्हणजे विंडोज ३.१च्या काळातला. ६४-बिट विंडोज तो नाकारतं, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. अशा वेळी ओटीव्हीडीएम नावाचं छोटं मोफत साधन पुष्कळदा काम करून जातं. दोन, प्रोग्राम ३२-बिट आहे पण त्याचा इन्स्टॉलर मात्र १६-बिट. विंडोज ९५च्या काळातल्या अनेक सीडी अशाच आहेत. ओटीव्हीडीएम इथेही उपयोगी पडतं. तीन, सीडीवर नक्कल रोखणारं सेफडिस्कसारखं संरक्षण आहे. त्याला लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १०मध्ये सुरक्षेसाठी बंद केला. तो परत चालू करायचे उपाय इंटरनेटवर सापडतात, ते करू नका. ड्रायव्हर धोकादायक होता म्हणूनच तो काढला गेला.

यावर स्वच्छ मार्ग म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुमच्या जुन्या परवान्याचं विंडोज एक्सपी बसवणं आणि त्या आभासी संगणकाची इंटरनेट-जोडणी पूर्ण तोडून ठेवणं. पहिल्यांदा यात एक संध्याकाळ जाते. नंतर मात्र सीडींचा सगळा जुना संग्रह त्या एकाच जागी चालतो.

ही मेहनत कशासाठी? मुख्यतः चेसमास्टरच्या नंतरच्या आवृत्त्यांसाठी. २००४ची दहावी आवृत्ती किंवा २००७ची ग्रँडमास्टर आवृत्ती हाताशी असेल तर आजही ती अभ्यासाला घ्यावी असं माझं मत आहे. अमेरिकी खेळाडू जॉश वेट्झकिनचे आवाजासह धडे त्यात आहेत. तो नुसती खेळी दाखवत नाही, डाव चालू असताना मनात काय चाललं होतं तेही बोलून दाखवतो. इंग्रजी कळणाऱ्या आठवी-नववीच्या मुलाला ते सहज समजेल. लहान मुलाबरोबर मात्र आईबाबांपैकी कुणीतरी बसावं आणि मराठीत सांगत जावं. याच मालिकेत वेगवेगळ्या स्वभावाचे प्रतिस्पर्धी आहेत : कुणाला हल्ल्याची खुमखुमी, कुणाला घोड्यापेक्षा उंट प्यारा. त्यांचे गुण बदलून स्वतःचा प्रतिस्पर्धीही घडवता येतो. ज्या प्रकारच्या खेळाडूसमोर आपण गडबडतो, तसाच प्रतिस्पर्धी बनवून त्याच्याशी खेळत राहणं हा फार चांगला सराव आहे.

नजरेची हद्द आणि तिचा उपयोग

आता ‘फिक्स्ड डेप्थ ३’कडे परत येऊ. खोली मोजताना एका बाजूची एक खेळी म्हणजे एक पायरी. खोली ३ म्हणजे प्रोग्राम आपली खेळी, तुमचं उत्तर आणि पुन्हा आपली खेळी एवढंच बघतो, मग पट थांबवून सोंगट्यांचा हिशोब करतो. तिथल्या मारामारीचा अंदाज सार्गॉन घेतो, पण पुढच्या शहांची मालिका त्याला दिसत नाही.

याचं एक नेहमीचं उदाहरण घ्या. तुम्ही पांढरे. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आहे, तुमचं प्यादं ई५वर आहे, म्हणून काळ्याचा घोडा एफ६वर नाही. तुमचा उंट डी३वर, घोडा एफ३वर, वजीर डी१वर. उंटाने एच७चं प्यादं मारून शह द्या. सार्गॉन बघतो : राजाने उंट मारला, घोडा जी५वर आला, राजा जी८वर गेला, आपल्याकडे एक उंट जास्त. छान! पण त्याची हद्द तिथे संपते. पुढच्याच खेळीला तुमचा वजीर एच५वर येतो आणि मात करायची धमकी उभी राहते, ती त्याने मोजलेलीच नसते. म्हणून अशी स्थिती होऊ नये याची काळजीही तो आधी घेत नाही. पटावर तशी रचना जमवून आणणं हे तुमचं काम, आणि ते करताना हल्ल्यासाठी कुठली सोंगटी कुठे लागते ते पक्कं बसतं. प्रत्येक वेळी हा बळी चालेलच असं नाही. काळ्याचा उंट बी१–एच७ कर्णावर येऊन एच७ राखू शकतो का, वजीर जी५च्या घोड्याला मारू शकतो का, हे मोजूनच उंट सोडा. मोजायची सवय लावायला यासारखा व्यायाम नाही.

दुसरी हद्द मोकळ्या प्याद्याची. ज्याच्या पुढे, त्याच्या आणि शेजारच्या उभ्या रांगांत, समोरच्याचं एकही प्यादं उरलेलं नाही, असं प्यादं सहा घरं चालून वजीर होणार हे कमी खोलीच्या प्रोग्रामला फार उशिरा कळतं. वजीरांची अदलाबदल करा, पटाच्या कडेला एक मोकळं प्यादं तयार करा आणि एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, शिरा. सार्गॉनचं राज्य तिथे ढासळतं, आणि एंडगेमचा कंटाळा करणारी मुलंही मग तो आवडीने खेळू लागतात.

सुरुवातीच्या खेळ्यांसाठी मात्र सार्गॉनवर विसंबू नका. त्याच्याकडे ओपनिंगचं ज्ञान पहिल्या खेळीपुरतंच आहे. नव्वदच्या दशकातल्या प्रोग्रामांची ओपनिंग-पुस्तकं मोठी असली तरी तिथले निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी शिळे झाले आहेत. राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, अशा स्थितीत मात करायचा सरावही जुन्यांशी नको. बचाव उत्तम करणारा हवा, तेव्हा तिथे स्टॉकफिशच बसवा.

आठवड्याची आखणी

खोली ३वर सुरुवात करा. पांढऱ्याने आणि काळ्याने, दोन्हीकडून लागोपाठ जिंकलात की खोली एकने वाढवा. लागोपाठ तीन हरलात तर एक पायरी खाली या. दोन नियम कडक पाळा : खेळी परत घ्यायची नाही आणि मदत मागायची नाही. जुन्या प्रोग्रामांत ही दोन्ही बटणं अगदी समोर असतात.

दर दहा खेळ्यांनी थांबून एका ओळीत आपला बेत वहीत मराठीत लिहा. ‘घोडा ई५वर न्यायचा, मग एफ-प्यादं पुढे’, एवढंच. डाव संपल्यावर तो पीजीएन या डाव लिहून ठेवायच्या स्वरूपात साठवा. १९९३पासून हे स्वरूप प्रमाण आहे आणि आजचा प्रत्येक प्रोग्राम ते वाचतो. आधी स्वतः डाव चाळा, जिथे डाव फिरला असं वाटतं तिथे खूण करा, मगच स्टॉकफिशला विचारा. तेही फक्त खुणा केलेल्या जागीच. सगळा डाव एकदम तपासून घेतला की लाल खुणांचा ढीग दिसतो आणि त्यातून काहीच लक्षात राहत नाही. डाव जमत गेले की स्किड किंवा चेसएक्स या मोफत प्रोग्रामांत त्यांचा संग्रह करा, म्हणजे ‘काळ्याने खेळताना मी कुठे हरतो’ हे शोधता येतं.

आपल्याकडे अजून अनेक घरांत आजोबांनी शिकवलेलं देशी बुद्धिबळ खेळलं जातं : प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर, किल्लेकोट नाही, राजाला एकदा घोड्याची उडी. अशा मुलाला आंतरराष्ट्रीय नियमांत आणायला जुना प्रोग्राम उत्तम, कारण नियमाबाहेरची खेळी तो घेतच नाही आणि त्यावरून वादही होत नाही. प्याद्याने जाता जाता मारायची खेळी बऱ्याच मुलांना पहिल्यांदा कळते ती प्रोग्रामने आपलं प्यादं तसं मारल्यावरच.

संगणक नसेल तर रिचर्ड लँग यांचा चेस जीनियस मोबाइलवरही मिळतो. त्यात सोप्यापासून वर चढत जाणाऱ्या पातळ्या आहेत, आणि वरची बरीचशी आखणी तशीच वापरता येते.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण करा. प्रत्येक प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवा. त्यात आवृत्ती, खोली किंवा खेळीचे सेकंद, डॉसबॉक्सच्या सायकल्स आणि इंजिनाचा प्रकार लिहा. संगणक बदलला की याच चार गोष्टी हरवतात, आणि मग तोच प्रोग्राम असूनही समोर दुसराच प्रतिस्पर्धी बसतो.